ध्वनीची मर्यादा आणि प्रकाशाची मर्यादा : एक तौलनिक विवेचन

सारांश :
ध्वनीचा वेग ओलांडणे एकेकाळी अशक्य मानले जात होते आणि तरीही तो ओलांडला गेला. म्हणून आज अशक्य मानला जाणारा प्रकाशाचा वेगही उद्या ओलांडला जाईल, असा युक्तिवाद सुशिक्षित वर्तुळातही वारंवार ऐकू येतो. दोन भिन्न जातींच्या मर्यादांना एकच नाव दिल्यामुळे हा युक्तिवाद पटण्याजोगा वाटतो. ध्वनीचा वेग हा एका माध्यमाचा गुणधर्म आहे. निर्वातातील प्रकाशाचा वेग हा अवकाश आणि काळ यांच्या परस्परसंबंधाचा गुणधर्म आहे. या भेदाची मांडणी गणिताचा कमीत कमी आधार घेऊन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : ध्वनिवेग, स्वनातीत गती, आघात तरंग, प्रकाशवेग, सापेक्षता सिद्धांत, कार्यकारणभाव.

१. प्रस्तावना

पदवीच्या वर्गात विशिष्ट सापेक्षता सिद्धांत शिकविताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. विमाने ध्वनीपेक्षा वेगाने उडतात, तर मग एखादे यान प्रकाशापेक्षा वेगाने का जाऊ शकणार नाही? प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा वर्गातील चांगल्यांपैकी असतो. विज्ञानाचा इतिहास त्याने वाचलेला असतो आणि 'अशक्य' हा शब्द शास्त्रज्ञांना किती वेळा मागे घ्यावा लागला, हेही त्याला ठाऊक असते. अशा वेळी 'आइन्स्टाइनने तसे सिद्ध केले आहे' एवढेच उत्तर देणे म्हणजे प्रश्नाची बोळवण करणे होय. त्या उत्तराने विद्यार्थी गप्प होतो, परंतु त्याची शंका फिटत नाही. शिवाय विज्ञानातही अखेरीस अधिकारवाणीच चालते, असा चुकीचा धडा तो नकळत घेऊन जातो.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ भौतिकशास्त्रापुरते नाही. 'अद्याप जमलेले नाही' आणि 'होऊच शकत नाही' ही दोन विधाने वेगळी आहेत. त्यांतील फरक कोणत्या पुराव्यावर ठरवावयाचा, हा प्रत्येक ज्ञानशाखेपुढील प्रश्न आहे. ध्वनी आणि प्रकाश यांच्या मर्यादांची तुलना हे त्याचे एक स्वच्छ उदाहरण होय.

२. ध्वनीचा वेग : माध्यमाचा गुणधर्म

ध्वनी म्हणजे माध्यमातील दाबाचे आंदोलन. टाळी वाजविली की हातांमधील हवा दाबली जाते, ती शेजारच्या हवेला दाबते आणि हा धक्का रेणूंच्या टकरींमधून पुढे सरकत जातो. धक्का पुढे नेण्याचे काम रेणूच करीत असल्यामुळे ध्वनीचा वेग रेणूंच्या सरासरी वेगाहून फार निराळा असू शकत नाही. हवेच्या रेणूंचा सरासरी वेग नेहमीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ४६० मीटर असतो, तर २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो.

म्हणूनच हा वेग परिस्थितीनुसार बदलतो. शून्य अंशाला तो सेकंदाला ३३१ मीटर असतो. सुमारे ११ किलोमीटर उंचीवरील गारठलेल्या हवेत तो २९५ मीटरपर्यंत उतरतो. पाण्यात तो सुमारे १,४८० मीटर, तर पोलादात सुमारे ५,००० ते ६,००० मीटर असतो. निर्वातात ध्वनीच नसतो, त्यामुळे त्याच्या वेगाचा प्रश्नच उद्भवत नाही.

हा वेग गणिताने काढण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्किपिया' या ग्रंथात केला. त्यांचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी येत होते. ध्वनीच्या दाबाखाली हवा क्षणभर तापते आणि ती उष्णता बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही, ही गोष्ट त्या गणितात धरलेली नव्हती. लाप्लास यांनी १८१६ मध्ये ही दुरुस्ती केल्यावर गणित आणि मोजमाप यांचा मेळ बसला. येथे एक मुद्दा नोंदवून ठेवावा : या संपूर्ण गणितात हवेचा दाब, घनता आणि उष्णता एवढ्याच गोष्टी येतात. हवेतून जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वस्तूने किती वेगाने जावे, याविषयी ते गणित काहीही सांगत नाही.

३. 'ध्वनीची भिंत' म्हणजे नेमके काय होते?

ध्वनीपेक्षा वेगाने जाणे अशक्य आहे, असे भौतिकशास्त्राने कधीच म्हटले नव्हते. बंदुकीच्या गोळ्या विमानांच्या कितीतरी आधीपासून ध्वनीपेक्षा वेगाने जात होत्या. एर्न्स्ट माख आणि पेटर झाल्खर यांनी १८८६-८७ च्या सुमारास अशा गोळीच्या पुढे उमटणाऱ्या आघात तरंगांची छायाचित्रे घेतली. वस्तूचा वेग आणि त्याच ठिकाणचा ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तराला पुढे 'माख अंक' हे नाव मिळाले, ते याच माख यांच्या स्मरणार्थ. याहूनही जुने उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. पोतराज आसूड हवेत फिरवून झटका देतो, तेव्हा कडाड असा आवाज होतो. मुठीकडून निघालेला झटका निमुळत्या टोकाकडे जाताना अधिकाधिक वेगवान होतो. चाबकाचा असा कडाका उमटतो तेव्हा त्याच्या शेवटच्या भागाने ध्वनीचा वेग ओलांडलेला असतो आणि तो आवाज म्हणजे एक छोटा आघात तरंगच असतो.

मग 'भिंत' हा शब्द आला कोठून? तो आला विमानविद्येतून. विमान हवेत पुढे सरकते तेव्हा त्याच्या दाबाची वर्दी ध्वनीच्याच वेगाने पुढच्या हवेपर्यंत पोहोचते आणि ती हवा बाजूला सरू लागते. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला की वर्दी आणि विमान जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात. पुढील हवेला बाजूला होण्यास उसंत मिळत नाही. दाबाच्या लहरी एकमेकींवर साचतात आणि त्यांचा आघात तरंग तयार होतो. हवेचा रोध एकाएकी कित्येक पटींनी वाढतो, पंखांवरील दाबाची वाटणी बदलते, सुकाणूचे भाग थरथरतात किंवा निकामी होतात. १९३० आणि १९४० च्या दशकांतील वैमानिकांना हा अनुभव जिवावर बेतणारा होता. २७ सप्टेंबर १९४६ रोजी जेफ्री डी हॅविलंड हे ब्रिटिश वैमानिक अशाच उच्च वेगाच्या उड्डाणात विमान मोडून मृत्युमुखी पडले.

तथापि, रोध वाढला तरी तो अमर्याद झाला नाही. अणकुचीदार आकार, मागे झुकलेले पंख, संपूर्ण हलणारी आडवी शेपटी आणि पुरेशी ताकद देणारे इंजिन यांच्या साहाय्याने अडचणींवर मात करता येत होती. जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणाने १९४२ मध्येच ध्वनीचा वेग मागे टाकला होता. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर बेल एक्स-१ हे विमान माख १.०६ पर्यंत नेले. त्या विमानाची घडण बंदुकीच्या गोळीच्या आकारावर बेतलेली होती, हे लक्षणीय आहे. जी वस्तू ध्वनीपेक्षा वेगाने स्थिरपणे जाते हे आधीच ठाऊक होते, तिचेच अनुकरण अभियंत्यांनी केले. पुढे या गतीचे अप्रूपही उरले नाही. कॉंकॉर्ड विमानाने १९७६ ते २००३ या काळात ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवाशांची वाहतूक केली. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून मिग-२१ ही स्वनातीत लढाऊ विमाने बाहेर पडली. भारतीय वायुदलाने सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना निरोप दिला.

तात्पर्य, ध्वनीची मर्यादा म्हणजे ध्वनीसाठीची मर्यादा. विमानाला पुढे ढकलणारी शक्ती इंजिनातून येते, त्याचे सुटे भाग एकत्र धरणारी बले विद्युत्चुंबकीय असतात. यांपैकी कशालाही पुढे जाण्यासाठी हवेतील ध्वनीवर विसंबावे लागत नाही. वस्तू ध्वनीच्या व्यवस्थेबाहेरची असल्यामुळे ती ध्वनीला मागे टाकू शकते.

४. प्रकाशाचा वेग : माध्यमाविना मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनीही प्रकाशाचा विचार प्रथम ध्वनीच्या धर्तीवरच केला. मॅक्सवेल यांच्या समीकरणांतून १८६० च्या दशकात प्रकाश ही विद्युत्चुंबकीय लहर असल्याचे दिसून आले. लहर म्हटली की ती कशात तरी उठली पाहिजे, या समजुतीने विश्वभर पसरलेल्या 'ईथर' नावाच्या माध्यमाची कल्पना रूढ झाली. ही कल्पना बरोबर असती, तर प्रकाशाचा वेग हा ईथरचा गुणधर्म ठरला असता आणि त्याला मागे टाकण्यास तत्त्वतः हरकत नसती. म्हणजेच आपल्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद त्या काळात रास्त ठरला असता.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. ती ईथरमधून जात असेल, तर तिच्या प्रवासाच्या दिशेने आणि त्याला आडव्या दिशेने प्रकाशाचा वेग किंचित वेगळा भरला पाहिजे. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हा फरक शोधण्याचा अत्यंत सूक्ष्म प्रयोग केला. अपेक्षित फरक आढळला नाही. वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याला आडवा ओरडलेला आवाज जमिनीवरील श्रोत्यापर्यंत वेगवेगळ्या वेगाने पोहोचतो. प्रकाशाच्या बाबतीत असा 'वारा' मिळालाच नाही.

आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दोन गृहीतके मांडली. एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांसाठी भौतिकीचे नियम सारखेच असतात. आणि निर्वातातील प्रकाशाचा वेग त्या सर्वांना तोच आढळतो, मग प्रकाश सोडणारी वस्तू कितीही वेगाने जात असो. दुसऱ्या गृहीतकाची एक स्पष्ट परीक्षा १९६४ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत झाली. प्रकाशवेगाच्या ९९.९ टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या पायॉन कणांचे विघटन होऊन निघालेल्या गॅमा किरणांचा वेग मोजण्यात आला. साध्या बेरजेने तो प्रकाशवेगाच्या जवळजवळ दुप्पट भरावयास हवा होता. प्रत्यक्षात तो नेहमीच्या प्रकाशाइतकाच भरला. हा वेग आता सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा काटेकोर धरला जातो आणि १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते.

५. वेगांची बेरीज आणि ऊर्जेचा हिशोब

वेग म्हणजे अंतर भागिले काळ. सर्व निरीक्षकांना प्रकाशाचा वेग सारखाच आढळावयाचा असेल, तर त्यांची अंतराची आणि काळाची मापे सारखी राहू शकत नाहीत. सापेक्षता सिद्धांताचा गाभा तो हाच. या काळ-प्रसरणाचा पुरावा आपल्या डोक्यावर सतत कोसळत असतो. वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर विश्वकिरणांमुळे म्यूऑन नावाचे कण निर्माण होतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या २.२ पट असते. तेवढ्या अवधीत प्रकाशवेगानेही फार तर ६६० मीटर अंतर कापले जाईल. तरीही ते मोठ्या संख्येने जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण आपल्या घड्याळांनुसार त्यांचे आयुष्य लांबलेले असते. अशा कणांच्या निरीक्षणातून सापेक्षता सिद्धांताची थेट पडताळणी होऊ शकेल, हे होमी भाभा यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते.

काळ आणि अंतर यांची मापे बदलली की वेगांची बेरीजही बदलते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या लोकलमध्ये कोणी ताशी २० किलोमीटर वेगाने चेंडू पुढे फेकला, तर फलाटावरून त्याचा वेग ८० दिसतो. ही बेरीज जवळजवळ अचूक आहे, परंतु पूर्णतः नाही. खरा नियम असा : दोन वेगांची साधी बेरीज करावी आणि तिला एका संख्येने भागावे, ती संख्या म्हणजे एक, अधिक दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. लोकलच्या बाबतीत हा भाजक एकापेक्षा इतका किंचित मोठा असतो की तो जाणवत नाही. परंतु प्रकाशवेगाच्या तीन-चतुर्थांश वेगाने जाणाऱ्या यानातून तेवढ्याच वेगाने दुसरे यान पुढे सोडले, तर बेरीज दीडपट न होता ०.९६ पट होते. प्रकाशवेगाहून कमी असलेल्या कोणत्याही दोन वेगांची अशी बेरीज प्रकाशवेगाहून कमीच राहते. याचा अर्थ, टप्प्याटप्प्याने वेग वाढवीत नेण्याची युक्तीही निरुपयोगी ठरते.

ऊर्जेच्या बाजूने पाहिले तरी निष्कर्ष तोच. एक किलोग्रॅम वस्तमानाच्या वस्तूला स्थिर अवस्थेतून निरनिराळ्या वेगांपर्यंत नेण्यास लागणारी किमान ऊर्जा आपल्या वीजबिलातील युनिटांत पुढीलप्रमाणे येते.

ध्वनीचा वेग (सेकंदाला ३४३ मीटर) : एका युनिटाचा सुमारे साठावा भाग
प्रकाशवेगाच्या ९० टक्के : सुमारे ३,२३० कोटी युनिटे
प्रकाशवेगाच्या ९९ टक्के : सुमारे १५,२०० कोटी युनिटे
प्रकाशवेगाच्या ९९.९ टक्के : सुमारे ५३,३०० कोटी युनिटे
प्रकाशवेगाच्या ९९.९९ टक्के : सुमारे १,७४,००० कोटी युनिटे

पहिल्या आणि दुसऱ्या ओळींतील तफावत डोळ्यांत भरणारी असली, तरी खरा मुद्दा शेवटच्या तीन ओळींत आहे. वेगात एक टक्क्याहूनही कमी भर पडत असताना ऊर्जा अकरा पटींहून अधिक वाढते. ही वाढ कोठेही थांबत नाही. पूर्ण प्रकाशवेगासाठी लागणारी ऊर्जा अनंत येते. ध्वनिवेगाजवळ हवेचा रोध एका शिखरापर्यंत वाढतो आणि ते शिखर पार करता येते. येथे शिखरच नाही. चढ अखंड आहे.

क्रमिक पुस्तकांत हीच गोष्ट 'वेगाबरोबर वस्तुमान वाढते' अशा शब्दांत सांगण्याची प्रथा आहे. त्यातून वस्तू आतून जड किंवा दाट होते, असा गैरसमज होतो. वस्तूबरोबर प्रवास करणाऱ्याला तिच्यात कोणताही बदल जाणवत नाही. म्हणून वस्तुमानाऐवजी ऊर्जेच्या भाषेत बोलणे अधिक इष्ट होय.

यावर एक मार्मिक आक्षेप घेता येतो. शिडाची होडी केवळ मागून येणाऱ्या वाऱ्याच्या रेट्यावर वाऱ्यापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. तसेच विद्युत्क्षेत्राने ढकललेले इलेक्ट्रॉन प्रकाशवेगापुढे जात नसतील, तर तो ढकलणाऱ्या क्षेत्राचा दुबळेपणा कशावरून नसेल? १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्यम बर्टोझी यांच्या प्रयोगाने याचे उत्तर दिले. १५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा वेग जुन्या यांत्रिकीनुसार प्रकाशवेगाच्या सातपटीहून अधिक यावयास हवा होता. तो प्रकाशवेगापाशीच थांबला. दिलेली ऊर्जा खरोखर इलेक्ट्रॉनांत पोहोचली होती काय, हे बर्टोझी यांनी काही मोजमापांत लक्ष्य-चकतीच्या तापण्यावरून पडताळले. ऊर्जा पोहोचली होती. वेग मात्र वाढला नव्हता. सर्नच्या महाकाय कणत्वरकात २०२२ मध्ये प्रोटॉनांची ऊर्जा ६.८ लक्ष कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेण्यात आली. तेथेही त्यांचा वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे तीन मीटरने कमीच राहिला, म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाच्या वेगाइतकाच फरक उरला. तो फरक मात्र नाहीसा होत नाही.

६. कार्यकारणभावाचा प्रश्न

ऊर्जेची अडचण बाजूला ठेवली, तरी आणखी एक अडचण शिल्लक राहते आणि ती अधिक मूलगामी आहे. सापेक्षता सिद्धांतानुसार दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या काय, याचे उत्तर निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असते. एका घटनेपासून निघालेला प्रकाश दुसऱ्या घटनेच्या ठिकाणी ती घडेपर्यंत पोहोचू शकत असेल, तर त्यांचा क्रम सर्वांना सारखाच दिसतो. तो पोहोचू शकत नसेल, तर काही निरीक्षकांना पहिली घटना आधी दिसते आणि काहींना दुसरी. अशा घटनांत एकीने दुसरीवर परिणाम केलेला नसतो, म्हणून क्रम उलटला तरी विसंगती निर्माण होत नाही.

आता प्रकाशापेक्षा जलद संदेश पाठविता येतो, असे धरू. मग कारण आणि परिणाम हे या दुसऱ्या प्रकारच्या घटनांपैकी होतील आणि कोणातरी निरीक्षकाला उत्तर प्रश्नाच्या आधी मिळेल. सुयोग्य गतीचे दोन सहकारी एकमेकांना असे संदेश पाठवू लागले, तर पाठविणाऱ्यालाच स्वतःचा संदेश पाठविण्यापूर्वी मिळू शकेल. ध्वनीच्या बाबतीत असे काहीच घडत नाही. स्वनातीत विमान आधी दिसते आणि त्याचा आवाज मागाहून येतो, तेव्हा आपल्या श्रवणाचा क्रम बदलतो. घटनांचा क्रम बदलत नाही.

भूमितीतील एक साधे उदाहरण येथे उपयोगी पडेल. वर्तुळाची कोणतीही जीवा त्याच्या व्यासापेक्षा लांब असू शकत नाही. पुरेशी लांब पट्टी मिळाली नाही, हे त्याचे कारण नव्हे. वर्तुळाच्या घडणीतच ते अनुस्यूत आहे. मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये अवकाश आणि काळ यांची जी एकत्रित भूमिती मांडली, तिच्यात प्रकाशवेगाची मर्यादा याच प्रकारची आहे.

७. काही भासमान अपवाद

प्रकाशवेग ओलांडला गेल्याची उदाहरणे म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे.

(अ) पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरपर्यंत उतरतो. त्यामुळे वेगवान इलेक्ट्रॉन पाण्यातील प्रकाशाला मागे टाकू शकतात आणि तसे झाले की निळसर प्रभा उमटते. चेरेन्कॉव्ह यांनी १९३४ मध्ये नोंदविलेली ही घटना आघात तरंगाचेच प्रकाशातील रूप होय. १९५६ मध्ये तुर्भे येथे कार्यान्वित झालेल्या 'अप्सरा' या जलकुंड पद्धतीच्या अणुभट्टीत ही निळी प्रभा दिसत असे. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे उदाहरण फार बोलके आहे. जेथे माध्यमाचा प्रश्न येतो, तेथे प्रकाशही ध्वनीसारखाच मागे पडतो; निर्वातातील वेगाची मर्यादा तेव्हाही अबाधित असते.

(आ) भिंतीवर फिरविलेल्या प्रकाशझोताचा ठिपका पुरेशा दूरच्या पडद्यावर प्रकाशापेक्षा वेगाने सरकू शकेल. परंतु ठिपका ही वस्तू नव्हे. दर क्षणी तेथे नवा प्रकाश पोहोचत असतो आणि पडद्यावरील एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे कोणताही संदेश जात नाही.

(इ) अतिदूरच्या दीर्घिकांचे अंतर प्रकाशवेगाहून अधिक दराने वाढू शकते, कारण मधले अवकाशच प्रसरण पावत असते. कोणतीही दीर्घिका आपल्या शेजारच्या प्रकाशकिरणाला शर्यतीत मागे टाकीत नाही.

(ई) पुंज-संलग्न कणांच्या मोजमापांत दूर अंतरावरही परस्परसंबंध आढळतो. मात्र त्याच्या आधारे संदेश पाठविता येत नाही.

(उ) जन्मापासूनच प्रकाशापेक्षा जलद असणाऱ्या कणांची शक्यता बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२ मध्ये गंभीरपणे तपासली. अशा काल्पनिक कणांना पुढे 'टॅकिऑन' हे नाव मिळाले. त्यांचा पुरावा आजवर मिळालेला नाही. या मांडणीतही सामान्य वस्तूला प्रकाशवेग ओलांडून पलीकडे जाण्याची वाट नाही.

८. मर्यादेची परीक्षा

ही मर्यादा श्रद्धेने जपली जाते, असे मात्र नाही. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतील ऑपेरा प्रयोगगटाने जाहीर केले की, सर्नपासून सुमारे ७३० किलोमीटर दूर असलेल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचत आहेत. हा निष्कर्ष दडपला गेला नाही. तो जगापुढे ठेवून इतरांना चूक शोधण्याचे आवाहन करण्यात आले. पुढे एका प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नव्हती, असे आढळले. तेथेच असलेल्या दुसऱ्या प्रयोगानेही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच असल्याचे २०१२ मध्ये दाखविले. त्याआधीच निसर्गाने एक साक्ष दिली होती. १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्यापासून सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे प्रवास करून आलेले न्यूट्रिनो प्रकाशाच्या अवघे काही तास आधी पोहोचले होते, आणि तेही ताऱ्याच्या गाभ्यातून बाहेर पडण्यास प्रकाशाला विलंब लागल्यामुळे. ऑपेराचा दावा खरा असता, तर ते कित्येक वर्षे आधी पोहोचावयास हवे होते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळालेला पुरावा तर अधिकच व्यापक आहे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोहोचले. गुरुत्वीय लहरी म्हणजे प्रकाश नव्हे. तरीही त्यांचा वेग तोच आहे. 'प्रकाशाचा वेग' हे नाव त्यामुळे काहीसे फसवे ठरते. तो निसर्गाचा स्वतःचा वेग आहे आणि वस्तुमान नसलेली प्रत्येक गोष्ट त्याच वेगाने जाते. प्रकाश हे त्याचे प्रथम सापडलेले उदाहरण इतकेच. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या ज्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तिचा एक प्रमुख उपयोग याच गोष्टीवर आधारलेला आहे. निरनिराळ्या वेधशाळांत लहर पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून तिचा उगम आकाशात कोठे आहे, हे ठरविता येते.

९. समारोप

ध्वनीची मर्यादा आणि प्रकाशाची मर्यादा यांत केवळ संख्येचा फरक नाही. ध्वनीची मर्यादा एका माध्यमातील एका घटनेपुरती आहे. तिच्या बाहेर उभे राहून तिला मागे टाकणारी साधने उपलब्ध आहेत. प्रकाशवेगाच्या मर्यादेला बाहेरची बाजूच नाही. यान, इंधन, त्यातील अणूंना बांधणारी बले आणि प्रवाशाचे घड्याळ ही सर्व त्याच अवकाश-काळाच्या घडणीचे भाग आहेत.

वर्गातील त्या विद्यार्थ्याला म्हणून असे सांगावे की, त्याची शंका योग्य आहे, मात्र उदाहरण चुकीचे आहे. १९४७ मध्ये भौतिकीचा एकही नियम मोडला नाही. ज्ञात नियमांच्या आत राहून एक अवघड यंत्र चालविले गेले. प्रकाशवेग ओलांडण्यासाठी अधिक चांगले यंत्र पुरणार नाही, त्यासाठी काळ आणि अवकाश यांविषयीची सुपरीक्षित समजच चुकीची ठरावी लागेल. तसे कधी होणारच नाही, असे विज्ञान म्हणत नाही. तसा पुरावा समोर ठेवा, एवढेच ते म्हणते. २०११ मध्ये तो ठेवला गेला, तेव्हा तो तपासण्यात आला आणि टिकला नाही. 'अशक्य' या शब्दामागे कोणाची आज्ञा नसून कोणती तपासणी उभी आहे, हे दाखविता आले, तर त्या एका प्रश्नाच्या निमित्ताने सापेक्षता सिद्धांताहूनही मोठी गोष्ट शिकविली गेली, असे म्हणता येईल.